सहा आठवड्यांत ५ किमी जमेल काय? कॉलेजनंतर आत्ताच परत पळायला लागलेय

वडगावची_सून

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी बेळगावातलीच, वय ४१, दोन पोरं, घरचे पॉवरलूम आहेत त्यामुळं दिवस कधी उगवतो नि कधी मावळतो कळत नाही. कॉलेजात खो-खो खेळायचे, पळण्यात चांगली होते, आणि मग नेहमीचंच, लग्न पोरं माग, मैदान सुटलं ते सुटलंच. मागच्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतनं, तेव्हा डॉक्टरनी वजनावरनं बोलून घेतलं आणि चालायला सांगितलं. तेव्हापासनं व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी चालायला जाते, आता तासभर चालले तरी काही वाटत नाही.

तर झालं काय, आमच्या भिशीतल्या एकीनं ग्रुपवर टाकलं की डिसेंबरात ५ किमीची चॅरिटी रन आहे, डायलिसिसवर असलेल्या गरीब पेशंटांसाठी पैसे जमवालेत. सगळ्यांनी हो हो केलं, मी पण केलं, माझ्या आठवीतल्या पोरीचं पण नाव दिलं आणि पैसे भरून मोकळी झाले. लेले मैदानावरनं सुरू, काँग्रेस रोडनं मिलिटरी महादेव मंदिरापर्यंत जाऊन परत, असं काय तरी सांगालेत. सहा आठवडे आहेत हातात.

आता अडचण. चालायला काही नाही खरं पळायला लागलं की दोन मिनिटांत धाप लागते, तोंड लाल होतं, थांबावंच लागतं. डोक्यात अजून ती खो-खोवाली बसलीय, सुरुवात ती करते नि निस्तरते मी. दोन्ही नडग्या पण दुखायला लागल्यात. आणि कपड्यांचं काय करायचं, पंजाबी ड्रेसवर पळता येतंय काय? सासूबाई काही म्हणत नाहीत, उलट त्याच पोरीला उठवून सोबत पाठवतात, खरं रस्त्यावरचे बघतात की ओ.

अजून एक, त्यांनी एक कार्ड दिलंय. ओळखीच्यांनी त्यावर किलोमीटरमागं किती रुपये देणार ते लिहायचं, मी जेवढे किमी पूर्ण करीन तेवढे पैसे. दीरांनी, शेजारच्यांनी, सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं पण लिहिलंय. मग मी मध्ये चालले तर ते फसवल्यासारखं होतंय काय? आणि शेवटून पहिली आले तर पोरीसमोर कसं दिसेल? हसू नका, खरंच विचारालेय.

सोळाशे_मीटर

ताई, हसायचं काय त्यात. मी मराठा रेजिमेंटमधनं रिटायर झालोय, आता गावाकडं भरतीच्या पोरांना पळवतो. ती पोरं १८-२० वर्षांची, आणि तुमचीच चूक रोज करतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचं असतंय त्यांना, पहिल्या ४०० मध्ये वाघ मागं लागल्यासारखी सुटतात आणि तिसऱ्या राउंडला कमरेवर हात ठेवून उभी. दम नसतो असं नाही, सुरुवात चुकलेली असते.

तुमचं पण तेच आहे. तासभर चालणाऱ्या बाईला दोन मिनिटांत धाप लागते म्हणजे ती दोन मिनिटं तिच्या आजच्या ताकदीपेक्षा लई जोरात पळालीय, बाकी काही नाही. पळताना शेजारणीशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, “उद्या दळण टाकायचंय, विसरू नको” एवढं न थांबता बोलता आलं तर स्पीड बरोबर. एकेक शब्द तुटून यायला लागला की हळू व्हा. सुरुवातीला हा स्पीड इतका कमी असतो की शेजारनं चालणारा गडी पुढं जातो. जाऊ दे त्याला.

आता सहा आठवड्यांचं. आठवड्यातनं तीन दिवसच पळा, मध्ये एक दिवस मोकळा, त्या दिवशी चाला पाहिजे तर. पाच-सात मिनिटं भरभर चालून अंग गरम करायचं, मग एक मिनिट पळायचं दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. आठवडाभर ते सोपं गेलं की दीड मिनिट पळा, मग दोन, मग तीन. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा, पुढं ढकलू नका. शेवटचे चार-पाच दिवस काही नवीन करायचं नाही, हलकं चालणं बास. नवीन माग बसवल्यावर पहिल्याच दिवशी फुल स्पीडवर सोडता काय तुम्ही? मग पायाला पण थोडा वेळ द्या.

जागा व्हॅक्सिन डेपोच बरी, झाडं आहेत, माती आहे, गाड्या नाहीत. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र रविवारी एकदा डांबरी रस्त्यावर पळून बघा कारण शर्यत डांबरीवरच आहे, पायाला फरक कळतोय. कॅम्पातले रस्ते सकाळी रुंद नि शांत असतात. बाहेर हिंडलगा-सुळगा साइडला अंधारात अजिबात जाऊ नका, आता उसाचा हंगाम सुरू झाला, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात, मागं लाइट नाही रिफ्लेक्टर नाही, वरनं ड्रायव्हरच्या टेपचा आवाज इतका की त्याला काही ऐकू येत नाही. रस्त्यावर असाल तर समोरनं येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं पळा, कानात ते हेडफोन घालू नका.

आणि बघणारे बघतात. आमच्या गावात पहिल्यांदा दोन पोरी पोलीस भरतीसाठी पळायला लागल्या तेव्हा कट्ट्यावरची माणसं बघायची, आता तीच माणसं विचारतात किती टायमिंग आलं म्हणून.

फिजिओ_अक्का

सोळाशे काकांनी पळण्याचं सांगितलंय त्यात मला काही घालायचं नाही, मी शरीराचं बोलते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खरं इथनं बघितल्याशिवाय निदान होत नाही, तेवढं धरून वाचा.

नडगी. आतल्या कडेनं चार-पाच बोटं लांबीत दुखतंय, पळायला सुरुवात केली की दुखतंय नि अंग गरम झालं की कमी होतंय, तर बहुतेक करून शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीवर ताण आलेला. एकदम पळायला लागलेल्या लोकांत हे कॉमन आहे. कारण साधं आहे, हृदय नि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात पण हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, महिने घेतात, म्हणजे दम आला म्हणून माणूस जास्त पळतो आणि पाय अजून तयार नसतात. तुमच्यासारख्या जुन्या खेळाडूंना हे जास्त होतं, त्यांना जोर कसा लावायचा ते माहीत असतं ना. पळणं कमी करा, पळून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बर्फ कापडात गुंडाळून धरा, आणि भिंतीला हात लावून टाचा वर उचलायच्या सावकाश खाली आणायच्या, हे रोज. पण एकाच जागी बोट दाबलं की कळ येतेय, एका पायावर उडी मारली की ओरडावंसं वाटतंय, रात्री पडल्यावर पण ठणकतंय, असं काही असेल तर पळणं बंद आणि सरळ ऑर्थोकडे. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतेच असं नाही.

बूट काय आहेत तुमचे? हे आधी सांगा.

ऑपरेशन दुर्बिणीतनं आणि वर्षापूर्वीचं, म्हणजे त्याची भीती नको. फक्त बेंबीजवळच्या टाक्यापाशी खोकताना किंवा जोर केल्यावर फुगवटा येतो काय बघा, येत असेल तर सर्जनला दाखवून मगच पळा.

आता एक गोष्ट जी कोण विचारत नाही म्हणून मीच बोलते, पुरुष मंडळींनी पुढं स्क्रोल करा नाहीतर वाचा आणि घरी सांगा. दोन बाळंतपणांनंतर पळताना, उडी मारताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होणं लई बायकांना असतं. त्यामुळंच कितीतरी बायका पळायचं सोडतात आणि सांगताना गुडघ्याचं नाव सांगतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात, व्यायामानं सुधारतात. लघवी आणि गॅस दोन्ही रोखून धरल्यासारखं आत ओढायचं, पाच-सहा सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं, दहा वेळा, दिवसातनं तीनदा. पोट किंवा मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास धरायचा नाही. मागावर उभ्या उभ्या होतं, कुणाला कळत पण नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, तोवर पॅड लावून पळा, त्यात लाजायचं काही नाही.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. धाप नुसती स्पीडमुळंच असेल असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस-५) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, म्हणजे तुमच्या भिशीत दहा जणी असतील तर निम्म्यांना असायची शक्यता आहे. रक्त कमी असेल तर कितीही प्रॅक्टिस करा दम लागणारच. आणि पळताना छातीत आवळल्यासारखं झालं, डाव्या हातात जबड्यात कळ गेली, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं, “एवढा राउंड पूर्ण करते” नाही. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास असेल किंवा तुम्हाला बीपी शुगर असेल तर आधी डॉक्टरना विचारून घ्या.

कपडे: कुर्ता चालतो, ओढणी नको, कुठं तर अडकते. खाली ट्रॅक पँट किंवा लेगिंग. पण स्पोर्ट्स ब्रा घ्याच, बाकी सगळं जुनं चालेल.

वडगावची_सून

अक्का, तुम्ही जे कोण विचारत नाही म्हणालात ना, ते आहे. मी कुणाशी बोलले नव्हते. बास एवढंच लिहिते, धन्यवाद.

नडगी लांबीतच दुखतेय, बोटानं दाबून बघितलं, एका जागी असं काही नाही, उडी पण मारली, सासूबाईंनी विचारलं काय चाललंय. बूट म्हणाल तर पोराचे शाळेचे पांढरे कॅनव्हास, पीटीचे, त्याला लहान झाले मला बरोबर बसले म्हणून घातले.

फिजिओ_अक्का

सापडलं नडगीचं कारण 😄 त्या बुटांत तळ म्हणून काही नसतंय ओ. महागडे घ्यायची गरज नाही पण पळायचेच म्हणून बनवलेले घ्या, संध्याकाळी दुकानात जा कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, पुढं अंगठ्याला बोटभर जागा राहिली पाहिजे. मोजे घालूनच बघा. आणि आजच घ्या, शर्यतीच्या आदल्या दिवशी नको.

हिंदवाडी_कट्टा

सगळे पळण्याबद्दल बोलालेत, मी थोडं वाकडं बोलतो, राग मानू नका. हे चॅरिटी रन म्हणजे काय असतंय, टी-शर्ट, मेडल, मोठं स्टेज, डीजे, तीन भाषांत अनाउन्समेंट आणि चौथ्या भाषेतल्या गाण्यावर झुंबा, मग इडली-वडा, मग पाहुण्यांचा सत्कार, शाली नारळ, फोटो. त्या सगळ्याचे पैसे कुठनं येतात? आपल्याच एन्ट्री फीमधनं. मग पेशंटला किती गेले? घरात आधीच्या अशा रनांचे टी-शर्ट पडलेत, त्यानं आता गाडी पुसतो. ताई, तुम्हाला पळायचंय तर पळा, चांगलंच आहे, खरं पैसे द्यायचे असतील तर सरळ पेशंटच्या नावानं औषधाच्या दुकानात भरा, मध्ये शर्यत कशाला?

सिव्हिलला_रोज

हिंदवाडीवाले, तुमचा प्रश्न चुकीचा नाही, मी अशा दोन-तीन रनांत व्हॉलंटियर म्हणून हिशोबाला बसलोय त्यामुळं सांगतो. एन्ट्री फीमधला मोठा भाग टी-शर्ट, मेडल आणि नाश्त्यात जातो हे खरं आहे, जिथं स्पॉन्सर नसतो तिथं तर जवळजवळ सगळाच. जिथं टी-शर्ट कुणी कंपनीनं दिलेत, नाश्ता कुठल्या मंगल कार्यालयवाल्यानं दिलाय, तिथं फी जवळपास पूर्ण पेशंटपर्यंत पोचते. म्हणून भरायच्या आधी तोंडावर विचारायचं, फीमधलं किती कुठं जातंय आणि नंतर हिशोब ग्रुपवर टाकणार काय. जो चिडतो त्याला देऊ नका. टी-शर्ट नको म्हणून सांगता येतं काय ते पण विचारा.

पण वडगावच्या ताईंचं कार्ड वेगळं आहे. किलोमीटरमागं लिहिलेले पैसे, त्यातनं टी-शर्टला काही जात नाही, ते सगळे निधीत जातात, निदान मी बघितलंय तिथं तरी. आणि खरं सांगू, एन्ट्रीपेक्षा तिथं जास्त जमतं. सूत देणारा व्यापारी एरवी डायलिसिसवाल्याला शोधत गेला असता काय? ओळखीची बाई पळालीय म्हणून लिहितो. एवढ्यासाठी ही शर्यत लागते.

डायलिसिस म्हणजे काय ते थोडं सांगतो. आठवड्यातनं दोन-तीनदा, दरवेळी साधारण ४ तास मशीनला, आणि हे आयुष्यभर किंवा किडनी मिळेपर्यंत. केंद्राची २०१६ पासनं योजना आहे, जिल्हा हॉस्पिटलात बीपीएलवाल्यांना फुकट होतं, त्यामुळं लोक विचारतात मग पैसे कशाला. अहो, जांबोटीच्या पलीकडनं माणूस येतो. सकाळची बस, दिवस मोडतो, मजुरी जाते. बायकांना जून २०२३ पासनं कर्नाटकच्या शक्ती योजनेत सरकारी बस फुकट झाली, गड्याला तिकीट आहेच, आणि पेशंट बाई असली तरी सोबत नवरा नाहीतर पोरगा येतो त्याचं तिकीट. मशीनवरनं उतरल्यावर बीपी पडलेलं असतंय, उभं राहवत नाही, बस चुकली की रिक्षा. वरनं रक्त वाढवायची इंजेक्शनं, ती दरवेळी आत मिळतील असं नाही. मशीन फुकट असून माणसं तारखा चुकवतात, बहुतेकदा गाडीभाड्यापायी. निधी तिथं लागतो.

आणि ताई, मध्ये चाललात तर फसवणूक कसली? कार्डावर किलोमीटर लिहिलेत, पळत की चालत ते लिहिलेलं नाही.

तुमच्या व्यापाऱ्याला टॅक्ससाठी पावती पाहिजे असेल तर ट्रस्टला ८०जी, म्हणजे देणगीवर टॅक्स सवलत द्यायची मान्यता, आहे काय विचारून घ्या, २००० च्या वर कॅश दिलं तर सवलत मिळत नाही, यूपीआय किंवा चेक करायला सांगा. नवीन टॅक्स रेजिममध्ये असेल तर त्याला तशी पण मिळणार नाही.

हिंदवाडी_कट्टा

बरं. गाडीभाड्याचं माहीत नव्हतं. ते कार्ड कुठं मिळतंय, पळणार मी नाही, ताईंच्या कार्डावर लिहितो.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

मी थोडं त्या दिवसाबद्दल सांगतो, गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच रनांत पळालोय, फाउंड्रीत सेकंड शिफ्टला काम करतो त्यामुळं सकाळ मोकळी असते.

पहिलं म्हणजे मध्ये चालायचं ते ठरवून चाला, दमल्यावर नाही. जेफ गॅलोवे म्हणून एक अमेरिकन पळणारा, १९७२ च्या ऑलिंपिकला होता, १० हजार मीटरला, तो माणूस लोकांना पळा-चाला-पळाच शिकवत आला. दम संपायच्या आधी चाललं की पाय ताजे राहतात. साधा हिशोब बघा, दोन मिनिटं ८ मिनिटाला किलोमीटर या स्पीडनं पळालात आणि दोन मिनिटं ११ मिनिटाला किलोमीटर चाललात, असं शेवटपर्यंत केलं तर ५ किमी ४६-४७ मिनिटांत होतंय. नुसतं भरभर चाललात तरी ५५ मिनिटं. म्हणजे फरक नऊ मिनिटांचा, तेवढ्यासाठी जीव काढायचं कारण नाही. सोळाशे काकांनी सांगितलेलं ते मिनिट-दीड मिनिटवालं जगभर ‘काऊच टू ५के’ म्हणून चालतंय, १९९६ ला जॉश क्लार्क नावाच्या पोरानं आपल्या पन्नाशीतल्या आईला पळायला लावायला केलेलं. ते ९ आठवड्यांचं आहे, तुमच्याकडं ६ आहेत, पण तुम्ही आधीच तासभर चालता म्हणून काही बिघडत नाही. नऊ आठवड्यांचं सहात कोंबायला जाऊ नका एवढंच, सहाव्या आठवड्यात जिथं असाल तिथनं शर्यत पळा.

दुसरं, सुरुवातीला पुढं उभं राहू नका. पुढं रेजिमेंटची नि भरतीची पोरं असतात, शिट्टी वाजली की वारा. त्यांच्या मागं लहान पोरं सुटतात जी शंभर मीटरवर अचानक थांबतात आणि तुम्ही त्यांच्यावर आदळता. सगळ्यात मागं उभं राहा, गर्दी सुटू दे, मग निघा. पाय आपोआप वेगात जातील, झुंबा नि डीजेनं अंगात आलेलं असतंय, पहिला किलोमीटर मुद्दाम ओढून धरा. बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरला, टाइमिंगची चिप असेल तर तुमचा वेळ तुम्ही रेघ ओलांडल्यावर सुरू होतो, मागं राहिल्यानं काही जात नाही. चिप नसेल तर तसं पण कोण विचारतंय.

तिसरं पोरीचं. आठवीतली पोरगी तुमच्या स्पीडनं पळणार नाही, कंटाळेल, आणि तुम्ही तिच्या स्पीडनं गेलात तर संपलात. तिला मोकळी सोडा, शेवटी कुठं भेटायचं ते आधी ठरवा, स्टेजजवळ नको तिथं गर्दी असते, एखादं झाड किंवा गेट ठरवा.

खायचं म्हणाल तर ५ किमीला लई काही लागत नाही. तासभर आधी एक केळं, थोडं पाणी. रात्री हलकं जेवा. पोहे उपीट भरपेट खाऊन पळालात तर बरगडीखाली कळ येणार. कुणी एनर्जी ड्रिंक फुकट वाटत असेल तर त्या दिवशी पहिल्यांदा पिऊन बघू नका, घरी न्या.

डिसेंबर म्हणजे सकाळी थंडी नि धुकं असतंय, शर्टावर एखादं जुनं स्वेटर घाला जे सुरुवातीला कुणाकडं तर देता येईल. तारीख मात्र परत परत बघत राहा. सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन लागलं की अर्धे पोलीस तिकडं बंदोबस्ताला, मोर्चे, रस्ते वळवलेले, आणि मग परवानगीवरनं अशा रनांची तारीख पुढं-मागं होते, आमची एकदा झाली होती, मी एकटाच सकाळी सहाला मैदानावर.

शेवटून पहिलं येण्याचं काय घेऊन बसलात. शेवटच्या माणसामागनं ॲम्ब्युलन्स नि दोन व्हॉलंटियर येतात, म्हणजे अख्ख्या शर्यतीत सगळ्यात जास्त बंदोबस्त तुम्हालाच.

वडगावची_सून

सगळ्यांचं वाचून काढलं, दोनदा वाचलं. बूट घेतले, हिमोग्लोबिन ९.४ निघालं, डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि म्हणाले हळू पळायला हरकत नाही, जोर करू नका, महिन्यानं परत तपासू. पोटाच्या टाक्याला काही फुगवटा नाही. आता एक मिनिट पळून दीड मिनिट चालतेय, बोलत बोलत, सोबतीला भिशीतल्या दोघी यायला लागल्यात आणि त्या इतकं बोलतात की स्पीड आपोआप बरोबर राहतो. ठरलं, मध्ये चालणारच. कार्ड दिलेल्यांना पण तसं सांगून टाकलं, कुणी आकडा कमी केला नाही, सूतवाल्यानं तर विचारलं मग परत येताना पण धरायचं काय.

टी-शर्टचं पण विचारलं मी आयोजकांना. म्हणाले एका दुकानदारानं दिलेत, हिशोब टाकू.

निप्पाणीकर_५८

उशिरा आलो धाग्यावर. ताई, नाव नोंदवायचं अजून चालू आहे काय? माझं वय ५८, शुगरच्या गोळ्या चालू आहेत, पळणार नाही, चालणार. निप्पाणीतनं पहाटे निघून पोचायला जमेल काय, आणि सकाळी गोळी घेऊन चालायचं की नंतर घ्यायची?

फिजिओ_अक्का

काका, गोळीचं तुमच्या डॉक्टरनाच विचारा, काही गोळ्यांवर उपाशीपोटी चाललं की शुगर एकदम खाली येते, काहींवर तेवढी येत नाही, नाव बघितल्याशिवाय कोण सांगू नये. उपाशी मात्र येऊ नका आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, गरगरलं की थांबून लगेच खायची. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आदल्या रात्री तळवे बघून घ्या, फोड असेल तर चालू नका.

वडगावची_सून

काका, नोंदणी चालू आहे, मी विचारलं. पहाटे निघायची दगदग कशाला, आदल्या दिवशीच या, बिब शनिवारी संध्याकाळी देणार आहेत, सकाळी मैदानावर देत नाहीत म्हणे. येताना आधारची झेरॉक्स आणा. टी-शर्टात फक्त एक्सएल नि डबल एक्सएल उरलेत, लहान साइझ संपली, माझ्या पोरीला पण एक्सएलच मिळालाय, तिचा गुडघ्यापर्यंत येतोय.